सही करण्यापूर्वी

शिवाजीनगर, पुणे

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री वहिनींचा फोन आला. टेम्पोमालकाचा माणूस भोरला तुझ्या घरी येऊन 60,000 रुपये देऊ करून गेला आणि ‘या अपघाताबाबत माझी यापुढे कोणतीही तक्रार अथवा मागणी राहणार नाही’ असा मजकूर टंकलेला मुद्रांक तुझ्या सहीसाठी ठेवून गेला, हे त्यांच्याकडून समजले. जुलैतल्या अपघातापासून तुझे सुतारकामाचे दुकान बंद आहे, शस्त्रक्रियेसाठी घेतलेली उसनवारी डोक्यावर आहे आणि मुलीच्या फीची मुदत जवळ आली आहे, तेव्हा समोर ठेवलेल्या रोख रकमेकडे तुझे मन ओढ घेत असणार, हे मी पुरते जाणतो. तरीही त्या कागदावर सही करू नकोस, अशी माझी तुला कळकळीची विनंती आहे. तिची कारणे फोनवर नीट सांगता आली नसती आणि तुला ती पुन्हा वाचता यावीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या भेटीत तू ओसरीवर रंधा हातात घेऊन पाहिलास, ते मी विसरलेलो नाही. उजव्या हाताची चार बोटे मुठीवर बसली, पण अंगठा काही केल्या मिटेना; मग तू तळव्याने दाब देऊन रंधा पुढे रेटलास आणि तो सागाच्या फळीवर चावण्याऐवजी नुसता घसरत गेला. पटाशी तर तू उचललीच नाहीस. तुझ्या नुकसानीचे माप खरे पाहता तिथे आहे, आणि त्या मुद्रांकावर त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात टंकलेखनाचे काम करताना मोटार अपघात दाव्यांचे कागद रोज माझ्या हातून जातात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात जे सांगितले, ते तुला जसेच्या तसे लागू पडते असे मला वाटते. डॉक्टर प्रमाणपत्रावर अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी लिहितात; त्या अपंगत्वामुळे कमाईची क्षमता किती गेली, हे मात्र न्यायाधिकरणाने, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाने, त्या माणसाचा व्यवसाय पाहून ठरवायचे असते. त्या निकालात उदाहरणच असे दिले आहे की डावा हात गेलेला माणूस कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकेल, पण तो वाहनचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते. तुझा हात शाबूत आहे, हे खरे. पण ज्या पकडीवर तुझा धंदा उभा होता ती पकड गेली आहे.

आता आकड्यांत पाहू, म्हणजे 60,000 रुपयांची किंमत कळेल. तुझे वय 42 आहे आणि दुकानातून खर्च वजा जाता महिन्याला साधारण 24,000 रुपये सुटत होते, म्हणजे वर्षाला 2,88,000. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्या 40 ते 50 वयाच्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी 25 टक्के मिळवण्याचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या प्रणय सेठी निकालात घालून दिलेले आहे आणि गंभीर, कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांतही न्यायालयांनी ते मान्य केले आहे. ते धरले तर आकडा 3,60,000 होतो. या वार्षिक आकड्याला वयानुसार ठरलेल्या संख्येने, म्हणजे गुणकाने, गुणतात; वय 41 ते 45 असेल तर गुणक 14, हे त्याच न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा निकालातील कोष्टकात आहे. प्रमाणपत्रावर समजा 15 टक्के आले आणि कमाईची क्षमताही तेवढीच गेली असे मानले, तर भावी उत्पन्नाचे नुकसान 7,56,000 रुपये येते. तीच 40 टक्के गेली असे साक्षीपुराव्यातून सिद्ध झाले, तर 20,16,000. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी जी वजावट होते, ती जखमीच्या दाव्यात होत नाही. रुग्णालयाचा व औषधांचा खर्च, बंद पडलेल्या महिन्यांची कमाई, येण्याजाण्याचे भाडे, शस्त्रक्रियेत हाडात बसवलेली सळई पुढे काढावी लागली तर तिचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई याखेरीज वेगळी मागता येते. न्यायाधिकरण एवढेच देईल अशी हमी मी देत नाही. पण चूक कोणाची हे न पाहताही गंभीर दुखापतीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली 2,50,000 रुपये मिळू शकतात, आणि हाडाचा अस्थिभंग ही गंभीर दुखापतच आहे. ती रक्कम स्वीकारली तर कलम 166 चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागण्याचा, मोठा दावा संपतो, म्हणून तुला तो मार्ग मी सुचवत नाही. पण कायद्याची ही रक्कमसुद्धा मालकाच्या रकमेच्या चौपटीहून अधिक आहे.

मालक एवढी घाई का करतो आहे, याचाही विचार कर. टेम्पोचा विमा चालू असेल तर भरपाईचा भार विमा कंपनीवर जातो आणि त्याच्या खिशाला झळ बसत नाही. मला शंका येते ती चालकाच्या परवान्याची, कारण परवाना वैध नसेल तर न्यायाधिकरण पुष्कळदा विमा कंपनीला आधी रक्कम द्यायला लावते आणि ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ती त्याची अडचण आहे. तिची किंमत तू मोजण्याचे कारण नाही.

विमा कंपनीकडून पुढे तडजोडीचा प्रस्ताव आला तर मी आजच नको म्हणणार नाही. तो न्यायाधिकरणापुढे यावा आणि तिथेच त्याची नोंद व्हावी, इतकेच माझे म्हणणे आहे. लोक अदालतीतही चांगले निवाडे होतात आणि वर्षानुवर्षांचे हेलपाटे वाचतात, मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नसते, तेव्हा हाताची अंतिम तपासणी होऊन प्रमाणपत्र हाती येण्याआधी तिथेही आकडा बोलू नये. दावा लांबतो, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून व्याज मागता येते आणि जे सुरुवातीला स्वस्तात सोडले ते नंतर कोणी परत देत नाही.

मुदतीची मात्र मला खरी काळजी आहे. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, अशी कायद्यातील तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. म्हणजे तुझ्यासाठी जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. तोवर थांबायचे नाही, दिवाळी होताच अर्ज दाखल करायचा. वकिलांशी शुल्क आधी ठरवून घेऊ. मिळालेल्या रकमेतला हिस्सा मागणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे जायचे नाही, कारण वकिलांच्या परिषदेच्या नियमांत तसा व्यवहार मान्य नाही. शुल्क झेपणारे नसेल तर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलासाठी अर्ज करता येईल. त्याची चौकशी मी करतो.

येत्या रविवारी मी भोरला येतो. तोपर्यंत वहिनींना एवढे करायला सांग : प्रथम खबरीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, क्ष-किरणांच्या फिल्म आणि औषधांची मूळ बिले एका पिशवीत काढून ठेवावीत; एकही बिल कोणाला देऊ नये. दुकानाची पावतीपुस्तके, टिंबर मार्केटमधल्या लाकूड खरेदीची बिले आणि बँकेचे पासबुक तर सर्वांत आधी शोधावे, कारण पगारपत्रक नसलेल्या माणसाचे उत्पन्न त्यांवरूनच सिद्ध करावे लागते. अपूर्ण राहिलेल्या कामांसाठी तू जो कारागीर लावलास, त्याला दिलेल्या मजुरीची नोंदही हवी. ज्यांच्या घरचे घेतलेले काम तुला सोडून द्यावे लागले, त्यांपैकी एकदोघे साक्षीला येतील का, हे मात्र तूच विचार. तुझ्या शब्दाला ते नाही म्हणणार नाहीत.

मालकाचा माणूस पुन्हा आला तर वाद घालू नकोस. ‘वकिलांना विचारून कळवतो’ एवढेच सांग आणि तो कागद तसाच, बिनसहीचा, माझ्यासाठी राखून ठेव. तोही पुराव्यात कामाला येईल. मुलीच्या फीचे मी पाहतो, त्या काळजीने सही करू नकोस. काकांना नमस्कार.

तुझा,
जिवलग मित्र