निगेटिव्ह घरी स्कॅन करताना

संपादक महोदय,

जुन्या फिल्मची निगेटिव्ह मोबाइलच्या उजळ पडद्यावर ठेवून फोटो काढा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्यात पडद्याचे ठिपके चित्रात उतरतात. फिल्म पडद्यापासून निदान दोन-तीन सेंटिमीटर वर हवी. खरे तर ९५हून अधिक सीआरआयचे (म्हणजे प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचे माप) एलईडी पॅनेल, अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स, लेन्सचे छिद्र एफ/८, प्रकाशसंवेदनशीलता आयएसओ १०० आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल हेच बरे. कॅमेरा फिल्मला समांतर नसेल तर एखादा कोपरा धूसर येणारच. पॅनेलचा उघडा भाग काळ्या कागदाने झाकावा. धूळ ब्लोअरने, म्हणजे हवेच्या रबरी फुग्याने उडवावी. फुंकर नको, थुंकीचे शिंतोडे इमल्शनवर, म्हणजे फिल्मच्या चित्र असलेल्या थरावर डाग पाडतात. कॅमेऱ्याऐवजी स्कॅनर वापरलात, तर त्याची इन्फ्रारेड धूळसफाई (अदृश्य किरणांनी धूळ ओळखून चित्रातून पुसणारी सोय) चांदीच्या कणांनी चित्र बनलेल्या कृष्णधवल फिल्मसाठी मात्र बंदच ठेवावी. तिला चांदीचे कणच धूळ वाटतात!

– एक वाचक