एमसीबी मोठा केला म्हणजे झालं?

संपादक महोदय,

एसी, गीझर, इंडक्शन सगळं घरात आलं पण भिंतीतली वायरिंग जुनीच, आणि एमसीबी (वायरमधून जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडायला लागला की लोक 16 च्या जागी सरळ 32 अँपिअरचा बसवून मोकळे, म्हणजे आता वायर तापून इन्सुलेशन वितळलं तरी तो ढिम्म हलणार नाही! अहो, तो वायर वाचवायलाच असतो. माणसाला शॉकपासून वाचवते ती 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (एवढा करंट बाहेर गळला की लगेच वीज तोडणारा स्विच), तिचं टेस्ट बटण कोणी दाबून बघतं का? रंगकामाला मात्र पैसे असतात. एसी-गीझरला वेगळी लाईन, जाड वायर, धड अर्थिंग हवंच. सॉकेट काळं पडलं, जळका वास आला तर टेप गुंडाळत बसू नका, मेन बंद करून लायसन्सवाला वायरमन बोलवा.

– एक वाचक