सुई हाताने बसवता आली पाहिजे

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॉडेल हेलिकॉप्टरच्या इंजिनाला ऑटोमॅटिक मिक्स्चर कंट्रोल (हवा आणि इंधनाचं मिश्रण आपोआप सांभाळणारा कंट्रोलर) लावण्याबद्दल लेख आला, खूप बरं वाटलं, कारण आमच्या राजापूरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) ग्लो इंजिनचं हेली उडवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पेपरात आमच्याबद्दल काही छापून येणं म्हणजे नवलच. पण "आता सुई फिरवायला शिकायची गरज उरली नाही" असं जे त्यात लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र. सुई म्हणजे इंजिनात इंधन किती जावं ते ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू, उघडली की इंधन जास्त, मिटली की कमी.

आपल्याकडची हवा बघा. जानेवारीत सड्यावर सकाळी १८ डिग्री असतं आणि दुपारी ३२ पर्यंत जातं, म्हणजे दुपारची हवा साधारण ५ टक्के पातळ. सुईला यातलं काही कळत नाही, ती आपली जेवढी उघडली तेवढीच. त्यामुळे सकाळी बसवलेलं इंजिन दुपारी रिच होतं (हवेच्या मानाने इंधन जास्त), धूर काढतं, जरा सुस्त चालतं, तेवढं चालून जातं. उलटं झालं, म्हणजे दुपारची सुई पहाटेच्या दाट हवेत तशीच राहिली, की मात्र घात होतो. मी शनिवारी दुपारी उन्हात सुई मिटत मिटत एकदम टोकाला नेऊन सेट केली आणि रविवारी पहाटे दव सुकायच्या आत तसंच उडवलं. तिसऱ्या मिनिटाला मागचा धुराचा पट्टा गायब, आवाज बारीक झाला, शेजारी उभे असलेले तात्या (त्यांची सगळी हयात मचव्याच्या इंजिनावर गेली) म्हणाले, "आवाज आयक, इंजिन तापलां." मी खाली आणेपर्यंत ते बंदच पडलं, ऑटोरोटेशनने (इंजिनाशिवाय नुसत्या फिरत्या पात्यांवर) कसंबसं टेकवलं. उघडून बघतो तर लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) उभे चरे, नखाला लागत होते.

हे का होतं ते नव्या मुलांना नीट सांगायला हवं. आपल्या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि ऑइल एकत्रच असतं, म्हणजे इंधन कमी गेलं की वंगण पण कमी गेलं. शिवाय इथे स्पार्क नाही, ग्लो प्लगच्या प्लॅटिनमच्या तारेवर जळण पेटतं, मिक्स्चर लीन झालं (हवेच्या मानाने इंधन कमी) की प्लग जास्त तापतो, जळण लवकर सुरू होतं आणि त्याने इंजिन अजूनच तापतं. विमानाला पुढून वारा तरी लागतो, हेलीचं इंजिन बॉडीच्या आत, थंड व्हायला एक छोटा पंखा फक्त, आणि होवरमध्ये (एका जागी तरंगताना) पण लोड चालूच.

कंट्रोलर काय करतो, तर बॅकप्लेटला (इंजिनाच्या मागच्या झाकणाला) चिकटवलेल्या सेन्सरवरून तापमान बघतो आणि सर्वोने (छोट्या मोटरने) सुई थोडी थोडी उघडतो नाहीतर मिटतो. कल्पना उत्तम आहे, मी स्वतः लावणार आहे. गाडीसारखा ऑक्सिजन सेन्सर इथे टिकायचा नाही, एक्झॉस्टमधून न जळलेलं तेल येतं त्याने माखून जाईल, म्हणून तापमानच बघायचं. पण धातू तापायला वेळ लागतो, त्यामुळे सर्वो घाईने फिरला तर इंजिन कधी रिच कधी लीन असं हेलकावत राहतं, तो हळूच फिरला पाहिजे. आणि समजा सेन्सरची वायर तुटली, थरथरीने सोल्डर सुटलं, तर? कंट्रोलरला वाटेल इंजिन थंड आहे आणि तो सुई मिटत जाईल, म्हणजे वाचवायला लावलेली वस्तूच इंजिन खाणार. म्हणून सर्वोचा प्रवास दोन्हीकडून बांधून ठेवायचा, लीनकडे हाताने ठरवलेल्या जागेच्या पुढे एखाद-दुसराच क्लिक (सुई फिरवताना बसणारा एक खटका), आणि सिग्नल गेला की सरळ रिचकडे जाऊन थांबायचं असं प्रोग्रॅम करायचं. आता ही हाताने ठरवलेली जागा ज्याला ठरवताच येत नाही तो मर्यादा कुठे बांधणार? लेखात हे आलंच नाही.

मुलांना शिकवायची रीत सोपी आहे. आधी रिच ठेवून उडवायचं, एक मिनिट होवर करून उतरवायचं, इंजिन बंद, पाती पूर्ण थांबली की बॅकप्लेटवर बोट ठेवायचं. चार-पाच सेकंद टेकवून ठेवता आलं तर ठीक, चटका बसून बोट झटकन उचलावं लागलं तर सुई दोन क्लिक उघडा. आंबोलीला नेलं तर तिथे सातेकशे मीटरवर हवा आणखी पातळ, तिकडे थोडी मिटावी लागते, आणि घाट उतरून घरी आल्यावर परत उघडायची आठवण ठेवायची, हेच लोक विसरतात. आणि मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, लहान मुलं जवळ असतील तर हे आधी सांगा.

एवढी विनंती आहे की पुढच्या पुरवणीत बोटाची ही परीक्षा आणि सर्वोची मर्यादा या दोन गोष्टी छापा. डिसेंबर आला की सकाळी गारवा पडतो आणि पोरं दुपारचीच सुई ठेवून सड्यावर येतात.

आपला,
एक वाचक, राजापूर