पथनाट्यात हसू कुणावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवात, महाविद्यालयांच्या शिबिरांत आणि नाशिकच्या गोदाघाटावर व्यसन, सायबर फसवणूक, निर्माल्य अशा विषयांवर विनोदी पथनाट्यं होतात. हशा भरपूर पिकतो, पण बऱ्याचदा मुद्दा त्या हशाखालीच गाडला जातो. ही चूक तालमीतच दुरुस्त होऊ शकते.

आधी पाहावं, लोक कुणाला हसतायत. दारुड्याच्या झोकांड्या हमखास टाळी घेतात. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं तीच नक्कल करतात, आणि मार खाणारी बायको कुणाला आठवतही नाही. त्यापेक्षा त्याच्या सबबी पकडाव्यात. ‘पगार झाला म्हणून घेतली’, ‘पगार संपला म्हणून घेतली’, आणि तेवढ्यात बायको न बोलता पिठाचा डबा उपडा करते. तिथे हसणं आपोआप थांबतं. नाटककार गो. ब. देवलांनी १८९९ सालच्या ‘शारदा’ नाटकात हसू म्हाताऱ्या नवरदेवाकडे आणि लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वराकडे वळवलं, शारदेच्या दुःखाकडे नाही.

माहितीचं वाक्य हशाला चिकटून टाकू नये. पंचवटी कारंज्यासारख्या चौकातल्या गजबजाटात ते कुणालाच ऐकू जात नाही. हशा ओसरू द्यावा, हलगी थांबवावी, मग बोलावं. आकड्यांवर तर कोटी नकोच. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० वर करायची असते. सोंगाड्याने गंमत म्हणून ‘एकोणीसशे वीस’ म्हटलं की लोक तेच घेऊन घरी जातात. पैसे गेल्यावर पहिले काही तास मोलाचे असतात, तेव्हा चुकीचा नंबर फार महाग पडतो. बरोबर नंबर तालावर तीनदा म्हणावा, चौथ्यांदा प्रेक्षकांकडून वदवून घ्यावा.

शेवटी सूत्रधाराचं पाच मिनिटांचं भाषण सुरू झालं की घोळका पांगतो. याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी गाण्यातून आणि संवादातून विचार गावोगाव नेला. सोंगाड्याने बावळट प्रश्न विचारावा आणि उत्तर नाटकातल्या माणसाच्या अडचणीतूनच निघावं.

प्रयोगाआधी वस्तीतल्या दहा जणांसमोर रंगीत तालीम करावी. नंतर दोनच प्रश्न विचारावेत: कशाला हसलात, आणि काय लक्षात राहिलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर त्या जागेचा विनोद कितीही चालत असला तरी काढावा.

मंडळांना आणि प्रायोजकांना कळकळीची विनंती: दहा मिनिटांत स्वच्छता, व्यसनमुक्ती आणि मतदान असे तीन विषय कोंबायला सांगू नका. एकच विषय द्या, आणि त्याला वीस-पंचवीस मिनिटं द्या.

— पथनाट्य करणारे काही रंगकर्मी, नाशिक