ईर्ष्यावान देव आणि समदर्शी देव

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘बायबलचा देव मत्सरी, गीतेचा समदर्शी’ अशी सरळ वाटणी करणारा लेख आला. महिनाभरात गीता जयंती आणि नाताळ पाठोपाठ येतील, दांडिया बाजारात पारायणे होतील, फत्तेगंजातली चर्चे भरतील आणि हीच वाटणी व्हॉट्सॲपवर फिरू लागेल. म्हणून आताच लिहितो. दोन ग्रंथांतून सोयीचे एकेक वचन उचलले की काहीही सिद्ध करता येते.

लेखात बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातले 20:5 दिले आहे, जिथे देव स्वतःला ‘ईर्ष्यावान’ म्हणवतो. तीनच वचने आधी, 20:2 मध्ये, श्रोते कोण ते सांगितले आहे: मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून सोडवून सीनाय डोंगरापाशी आणलेले इस्राएल लोक. हा करार आहे आणि ‘दुसरा देव नको’ ही अट करारात शिरणाऱ्यांवर आहे. पितरांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे लेखकाने ठळक छापले. पुढच्याच वचनातली हजारोंवरची दया मात्र गळली. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात 4:24 मध्ये हाच देव भस्म करणारा अग्नी आहे, आणि त्याच पुस्तकात 10:17-18 मध्ये तो कोणाचे तोंड पाहून न्याय करत नाही, लाच घेत नाही, परक्याला अन्नवस्त्र देतो.

या दोन्हींचा सांधा आमोस संदेष्ट्याने दाखवला आहे. 3:2 मध्ये देव इस्राएलाला म्हणतो, सर्व कुळांतून तुम्हांलाच जवळ केले, म्हणूनच तुमच्या अपराधांची शिक्षा तुम्हांला करीन. जवळिकीने सूट मिळत नाही, उलट आधी जवळच्यालाच धारेवर धरले जाते. आणि 9:7 मध्ये, तुम्हांला मिसरातून आणले तसे पलिष्ट्यांना, म्हणजे तुमच्या शत्रूंनाही, कफतोरातून मीच आणले, असे ऐकवून विशेषपणाचा तोराही उतरवला आहे.

पण म्हणून सगळे जुळते असे नाही, आणि इथे भाविक भाष्यकारही घाई करतात. बापाच्या पापाचा भार मुलगा वाहणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याचे पुस्तक (18:20) स्पष्ट सांगते. ‘माझा द्वेष करणाऱ्यांच्या’ या निर्गम 20:5 मधल्या शब्दांवर बोट ठेवून हे भाष्यकार, बापाची वाट पुढे चालवणाऱ्या मुलांनाच ती शिक्षा आहे, असा अर्थ लावतात. तो बराचसा बसतो, पूर्ण नाही. त्याहून अवघड निर्गम 34. तिथे ‘ईर्ष्यावान’ हे देवाचे नावच म्हणून येते (34:14) आणि लगेच आधीच्या वचनात इतरांच्या वेद्या पाडून टाकण्याची आज्ञा आहे. तिथे ईर्ष्येची झळ कराराबाहेरच्यांनाही लागते. बायबलच्या ‘नवा करार’ या भागात कर्नेल्य या परजातीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी येशूचा शिष्य पेत्र कबूल करतो की देव पक्षपाती नाही (प्रेषितांची कृत्ये 10:34). पण त्यामुळे निर्गमातले वचन पुसले जात नाही.

आता गीता. ‘समोऽहं सर्वभूतेषु न मे द्वेष्योऽस्ति न प्रियः’ (9.29) एवढे छापून लेखक थांबले. त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात, जे भक्तीने भजतात ते माझ्यात आणि मी त्यांच्यात, असे आहे. बाराव्या अध्यायात ‘तो मला प्रिय’ हे पालुपद पुन्हा पुन्हा येते. आणि 16.19 मध्ये द्वेष करणाऱ्या क्रूरांना मी आसुरी योनींतच टाकत राहतो, असे तोच समदर्शी म्हणतो. शंकराचार्यांनी 9.29 वर अग्नीचा दृष्टान्त दिला: जवळ बसेल त्याची थंडी जाते, दूर बसेल त्याची जात नाही, यात अग्नीचा पक्षपात नाही. वेदान्ताचा सूत्रग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रात (2.1.34) ईश्वरावरचा विषमतेचा आणि निर्दयतेचा आक्षेप कर्माकडे बोट दाखवून परतवला आहे. उत्तरे भक्कम आहेत, पण प्रश्न पडला होता म्हणूनच ती द्यावी लागली. भागवताच्या सातव्या स्कंधाची सुरुवातच परीक्षितीच्या या शंकेने होते: सर्वांना सम असलेल्या भगवंताने इंद्रासाठी दैत्य का मारले?

मंडळांतून हा विषय घेणाऱ्यांना एकच सुचवतो. निवडलेल्या वचनाआधीची आणि नंतरची निदान दहा वचने मोठ्याने वाचावीत, कोण कोणाला बोलतो आहे ते फळ्यावर लिहावे आणि मगच चर्चा उघडावी. व्हॉट्सॲपवरचे चित्र वाचून सुरुवात केली तर पहिल्या दहा मिनिटांत दोन तट पडतात.

लेखमालेचा पुढचा भाग जाहीर झालाच आहे. त्यात लेखकांनी निर्गम 34:13-14 आणि गीता 16.19 समोरासमोर घ्यावेत, आणि प्रत्येक अवतरणाला अध्याय-श्लोकाचा आकडा द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा