रोपे मोजता, मातीकडेही पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वृक्षारोपणाच्या बातम्यांत रोपांचा आकडा असतो, खड्ड्यांचा असतो, क्वचित जगलेल्या झाडांचाही असतो. खड्ड्यात भरलेली माती कुठली, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे आयुष्य वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेले आणि तंतुमुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा त्यातला मला सर्वांत प्रिय भाग. म्हणून हे पत्र.

बारीक मूळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून पारदर्शक करायचे, सौम्य आम्लातून काढायचे आणि ट्रायपॅन ब्लूने रंगवायचे. मुळाच्या आत बुरशीचे निळे धागे उमटतात. एखाद्या पेशीत तर फांद्या फुटलेले इवलेसे झाडच दिसते. ते आर्बस्क्यूल. विद्यार्थी हमखास विचारत, "मॅडम, हा रोग आहे का?" रोग नव्हे, देवघेव आहे. पानांनी बनवलेली साखर आणि स्निग्ध पदार्थ बुरशीला मिळतात, बुरशीने मातीतून आणलेले स्फुरद (फॉस्फरस) झाडाला.

स्फुरद मातीच्या कणांना घट्ट धरून बसते. मुळाने जवळचे शोषले की त्याच्याभोवतीचा पट्टा रिता होतो आणि तो भरून यायला फार वेळ लागतो. बुरशीचा धागा मूळरोमापेक्षाही बारीक, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा. मुळाला शिरता येत नाही अशा फटींतून तो त्या पट्ट्यापलीकडे पोहोचतो. स्कॉटलंडमधल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म वनस्पतींतही आर्बस्क्यूल सापडले आहेत, इतकी ही सोबत जुनी. तिला मायकोरायझा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ साली दिले.

पण बुरशी म्हणजे एकच काही नव्हे. आंबा, चिंच, कडुनिंब यांच्या मुळांत आर्बस्क्यूलवाली असते. पाइन, ओक, साल यांच्या मुळांच्या टोकांवर वेगळीच बुरशी बाहेरून आवरण चढवते. तिच्या जाती हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या काही कुजत्या पाल्यातून नत्रही मिळवतात. प्वेर्तो रिकोमध्ये पाइनची लागवड वारंवार फसत होती, रोपे पिवळी पडून खुरटत होती. बाहेरून पाइनखालची, ही बुरशी असलेली माती आणून घातली तेव्हा रोपे वाढीला लागली.

झाडे बुरशीच्या धाग्यांच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, असेही हल्ली खूप छापून येते. २०२३ साली जंगलांच्या अभ्यासक जस्टीन कार्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध पुरावे तपासले, तेव्हा जंगलातल्या अशा अनेक दाव्यांना पुरेसा आधार मिळाला नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. जे सिद्ध आहे तेच पुरेसे थक्क करणारे आहे, आणि काळजी घ्यायला तेवढे कारण खूप झाले.

बांधकामात वरची माती खरवडून निघते तेव्हा हे सारे तिच्याबरोबर जाते. मग खालच्या मुरमात रोप लावायचे आणि सुपर फॉस्फेट ओतायचे, ही पद्धत मला पटत नाही. आयते स्फुरद भरपूर मिळाले की झाड बुरशीला साखर देणे कमी करते. पाकिटातल्या मायकोरायझा भुकटीतही सहसा मोजक्याच जाती असतात. त्या त्या झाडाला आणि मातीला मानवतील याची खात्री नसते, त्या जिवंत आहेत की नाहीत हेही पाकिटावरून कळत नाही.

खणताना वरची माती वेगळी ठेवावी आणि लवकर वापरावी, कारण ढिगाऱ्यात महिनोन्‌महिने पडली की तिच्यातली बुरशी घटते. त्याच जातीच्या निरोगी जुन्या झाडाखालची थोडी माती रोपाच्या मुळांशी घालावी. बुंध्याभोवती सिमेंट ओतू नये, पालापाचोळा जाळू नये. यासाठी वेगळा खर्च लागत नाही. आपल्या बातमीदारांनी पुढच्या वृक्षारोपणाला गेल्यावर रोपांच्या संख्येबरोबर एवढे जरूर विचारावे: खड्ड्यात कोणती माती घातली, आणि जागेवरची मूळ माती कुठे गेली?

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका