पत्त्यांवरची बाराखडी

इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू हसलास, पण पत्त्यांचं काम मी सोडलेलं नाही. शब्द जुळवायचा खेळ मराठीत करायचा म्हटलं की पहिलाच पेच, पत्त्यावर छापायचं काय? इंग्रजीत २६ अक्षरं छापली की झालं. आपली व्यंजनं ३४, त्यांची बाराखडी धरली तर ४०८ पत्ते. पिसणार कोण? आणि एवढं करून जोडाक्षरं बाहेरच!

म्हणून व्यंजनं जाड पुठ्ठ्यावर घेतली आणि काना, मात्रा, वेलांट्या पारदर्शक प्लॅस्टिकवर. 'क'वर मात्रा ठेवली की 'के'. खजुरी बाजारात एकाने छापून दिलं, पण "भिया, ये काना-मात्रा अलग काय को?" हे विचारून विचारून भंडावलं. त्यात एक घबाड हाती लागलं बघ. पहिल्या वेलांटीचं प्लॅस्टिक पालथं घातलं की तीच दुसरी वेलांटी! एकाच पत्त्यात दोन्ही. कुठल्या बाजूने टाकायची ते खेळणाऱ्याने ठरवायचं, चुकलं की गुण गेले. शब्दाच्या शेवटी आलेला इकार दीर्घ, हा मराठी साहित्य महामंडळाचा १९६२ चा नियम धाकट्याला एरवी कोण शिकवणार होतं? त्याची शाळा हिंदी. आता 'कवी'वरून माझ्याशीच हुज्जत घालतो.

जोडाक्षरांसाठी पाय मोडायचा वेगळा पत्ता आहे. मोठी त्याला 'फ्रॅक्चर' म्हणते.

गुण ठरवायला आल्फ्रेड बट्सची युक्ती उचलली. हा अमेरिकेतला आर्किटेक्ट. १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलं, तेव्हा वर्तमानपत्रातली अक्षरं मोजत बसला आणि त्यातून पुढे स्क्रॅबल झालं. मी जुने दिवाळी अंक घेतले. काना सगळ्यांच्या वर, त्याचे पत्ते भरपूर लागतात. र, त, न, क मुबलक, म्हणून एकेक गुण. झ, ढ यांना जास्त. ङ आणि ञ काढूनच टाकले, हातात आले तर माणूस रडेल.

'ळ' मोजणीत तितका दुर्मिळ नाही, तरी त्याला ८ गुण दिलेत. एक तर त्याने शब्द सुरू होत नाही. दुसरं म्हणजे आपल्या इंदुरी पोरांच्या तोंडात 'कमळ'चं 'कमल' आणि 'फळ'चं 'फल' कधी होतं ते त्यांनाही कळत नाही. ८ गुणांच्या लोभाने का होईना, जीभ वळेल. पक्षपात म्हण हवं तर.

गाडं अडलंय ते विभक्तीवर. मी 'घर' लावलं की आत्या काना आणि 'त' टाकून 'घरात' करते आणि अख्ख्या शब्दाचे गुण मागते. मग कुणीतरी 'घरातला', पुढे 'घरातलाच'. डाव संपायचं नाव नाही. प्रत्यय लावणाऱ्याला फक्त त्याने टाकलेल्या पत्त्यांचे गुण, असा नियम मी काढला. आत्या म्हणते, "अरे, प्रत्यय लावणं म्हणजे काय लबाडी आहे का?" तिच्यापुढे माझं चालत नाही, तुला माहीतच आहे. तेव्हा तुझं मत लेखी पाठव, तिला दाखवता येईल.

आणि हो, 'भिया' हा शब्द चालवावा का, तेही लिही. आमच्याकडे मतदान झालं आणि चालतो असं ठरलं, पण तू पडलास पुण्याचा.

वहिनींना नमस्कार.

तुझाच